सांडग्यांची चादर

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मी अंदाजानं ठरवते. अक्षराचं तर विचारू नका. वाण्याला यादी लिहून दिली की तो ती उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुम्ही तोंडानंच सांगा." आणि तोंडानं सांगणं हे मला लिहिण्यापेक्षाही जड. त्यामुळं मी यादीतल्या निम्म्या वस्तू न घेताच घरी यायचे.

माझी मुलगी सुजाता म्हणते, आई, तुझं लहानपण लिहून ठेव. लहानपणात सांगण्यासारखं फार नाही. बार्शीत वाढले, चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले, सोळाव्या वर्षी लग्न झालं. आई म्हणायची तसं करायचं, मग सासूबाई म्हणतील तसं, मग मालक म्हणतील तसं. माणसाला आपलं तोंड उघडायला येणं म्हणजे मोठं होणं, असं धरलं तर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी मोठी झाले, आयर्लंडात, स्लायगो गावात, एका चादरीपायी. म्हणून तेच लिहिते.

मी गेले होते सुजाताच्या पहिल्या बाळंतपणाला. जाताना डिंक, अळीव, खारीक, मुगाची डाळ आणि माझा स्टीलचा डबा, एवढं सामान. बाळंतपण उरकून परत यायचं तिकीट काढलेलं होतं, पण मी पोहोचले आणि महिन्याभरात ती रोगराई आली. विमानं बंद झाली. जावई नितीन हॉटेलात स्वयंपाकी होता, ते हॉटेल बंद झालं. सुजाताची नोकरी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत ठरली होती, ती पुढं ढकलली गेली. सरकारकडून थोडे पैसे यायचे, पण त्यात खाणं बसलं तर भाडं बसत नव्हतं आणि भाडं बसवलं तर खाणं बाहेर राहत होतं. आम्ही भाडं बाहेर ठेवलं.

घराची मालकीण रीटाबाई. आम्ही तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत, ती पुढच्या भागात. मधे सामाईक वऱ्हांडा आणि मागं सामाईक बाग. पंचाहत्तरीची, उंच, हाडापेरानं मोठी, केस पांढरेशुभ्र आणि आवाज असा की बागेतली मांजरं कुंपणावर चढायची. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा तिकडं हुकूम निघाला होता, त्यामुळं ती अशी अडकली आणि विमानांपायी मीही. तिच्या आजोबांनी इटलीतून येऊन स्लायगोत मासे आणि बटाटे तळून विकायचं दुकान घातलं होतं, ते आता तिचा पुतण्या चालवायचा. शुक्रवारी तो दारात एक गरम पुडकं ठेवून जाई. बटाट्याचे जाडे तुकडे, वर मीठ आणि व्हिनेगर. आमच्याकडं पहिल्यांदा पुडकं आलं तेव्हा मी त्यावर शेंगदाण्याची चटणी टाकून खाल्लं. रीटाबाईनं काचेतून पाहिलं आणि दुसऱ्या शुक्रवारी चटणीसाठी बशी पुढं केली.

तिचं बोलणं मला निम्मं कळायचं, आणि माझं तर मी बोलतच नव्हते. ती काही विचारी आणि मी "ग्रँड" म्हणे. तिकडं सगळ्याला ग्रँड म्हणतात. तब्येत ग्रँड, हवा ग्रँड, पडून गुडघा फुटला तरी ग्रँड. या एका शब्दावर मी दोन महिने काढले. नितीन चिडवायचा, "आई, तुम्ही आता पक्क्या आयरिश झालात, फक्त गिनेस बिअर प्यायची बाकी आहे." मी पदर तोंडाला लावून आत जायचे.

रीटाबाईला त्या दिवसांत एकच नाद लागला होता, आपल्या घराण्याचं मूळ शोधायचा. सुजाता तिला टॅबलेट लावून द्यायची, त्यामुळं मला ते कळायचं. इटलीतल्या डोंगराळ भागातल्या कुठल्याशा खेड्यातून तिचे आजोबा दोमेनिको आले. आजी ॲनी. ॲनी आजीला तिनं पाहिलं होतं; काळा झगा, पीठ लागलेले हात, दुकानाच्या मागं बटाटे सोलत बसलेली, फारसं न बोलणारी. टॅबलेटमध्ये ती रोज थोडं पुढं जायची. भावाची, काकांची, आत्यांची नावं एकाखाली एक अशी झाडासारखी लावत होती. आणि मग एक दिवस तिनं टॅबलेट सुजाताला परत दिला. म्हणाली, पुरे झालं. सुजातानं विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतात.

त्या वर्षी उन्हाळा तिकडं कधी नव्हे असा लागला. रोज लख्ख ऊन. लोक बागेत खुर्च्या टाकून लाल होऊन बसायचे. मला मात्र ते ऊन वाया जाताना बघवेना. मालक गेल्यावर मी पापड-सांडगे विकूनच सुजाताला शिकवलं, त्यामुळं ऊन दिसलं की माझे हात शिवशिवतात. मुगाची डाळ भिजवली. मिक्सरवर जाडसर वाटली, त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, हिंग, आणि हळद जरा सढळ हातानं. वाळत घालायला कापड हवं होतं. सुजाताला म्हटलं, रीटाबाईला विचार. रीटाबाई खुर्चीतून म्हणाली, वऱ्हांड्यातल्या कपाटातली जुनी कुठलीही चादर घ्या. पाण्याच्या गरम टाकीशेजारचं ते कपाट, त्याला तिकडं हॉट प्रेस म्हणतात; कपडे त्यात उबदार राहतात.

मी उघडलं. वरती घड्या घातलेल्या फुलाफुलांच्या चादरी. अगदी तळाशी, कागदात गुंडाळलेली एक, पिवळट पडलेली, जाड, धुऊन धुऊन मऊ झालेली. सांडग्यांना असंच कापड लागतं. नवं कापड पाणी धरत नाही आणि सांडगे चिकटून बसतात. जुनी घ्या म्हणाली होती, मी सगळ्यात जुनी घेतली. कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं काहीतरी वेलबुट्टी काढलेली होती. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. मला ती वेलच वाटली. छान काम आहे असं मनात म्हटलंसुद्धा.

बागेत चादर अंथरून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, मी ओळीनं सांडगे घातले. स्लायगोला समुद्र जवळ, त्यामुळं तिथले सीगल पक्षी कोंबडीएवढे आणि निर्लज्ज. एक तर मिरचीचा सांडगा गिळून माझ्याकडं असा बघत राहिला की मीच ओशाळले. मी केरसुणी घेऊन राखण करत बसले. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. परक्या देशात पहिल्यांदा माझ्या हाताला माझं काम होतं.

दुपार कलताना रीटाबाई मागच्या दारात आली. मी उठून उभी राहिले आणि हसून म्हटलं, "ग्रँड?" ती बघत राहिली. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चेहरा पिठासारखा झाला, हात दाराच्या चौकटीवर गेला, आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळानं खिडकीतून नाक ओढल्याचा आवाज आला.

सुजाता पोटाला हात लावून धावत बाहेर आली. "आई, ही कुठली काढलीस? ही तिच्या आजोबांच्या वेळची आहे!"

"जुनी घे म्हणाली ना!"

"अगं जुनी म्हणजे फाटकी! आधीच आपलं दोन महिन्यांचं भाडं थकलंय. तिनं उद्या जा म्हटलं तर या दिवसांत आपण कुठं जाणार?"

मी सांडगे उचलले. खाली चादरभर पिवळे गोल डाग. घाबरून नितीननं साबण आणला आणि चोळला. हळदीला साबण लागला की काय होतं हे त्याला कोण सांगणार? डाग लालभडक झाले. ती चादर अशी दिसायला लागली की कुणीतरी तिच्यावर जखमी कोंबडी नाचवली असावी. नितीन म्हणाला, "मी गेलो." तो खरंच आत गेला.

मी पाणी बदलून बदलून चादर पिळली आणि गवतावर उन्हात पसरली. हळदीला ऊन खातं, हे मला ठाऊक होतं. पण माणसाच्या मनातलं काय खातं ते ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी सुजाताला म्हटलं, मला तिच्याकडं ने. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन कुणाच्या दारात काही बोलायला उभी राहिले. मी खिडकीच्या बाहेर, रीटाबाई आत, मधे ते अंतर ठेवायचं. मी म्हटलं, "बाई, माझी चूक झाली. मला अक्षरं येत नाहीत. मला ती वेल वाटली." सुजातानं इंग्रजीत सांगितलं.

रीटाबाई म्हणाली, "डागांसाठी नाही गं रडले मी."

मग तिनं सांगितलं ते असं. त्या वेलीत दोन अक्षरं होती, व्ही आणि एम. तिच्या आजीचं नाव ॲनी, आडनाव आजोबांचं; त्यात ना व्ही येतो ना एम. तिची आत्या ती चादर कुणाला हात लावू देत नसे. एकदा रीटाबाईनं लहानपणी विचारलं, तर आत्या म्हणाली, ती दुसऱ्या बाईची आहे, आणि पुन्हा विचारायचं नाही. आता मूळ शोधताना रीटाबाईनं त्या खेड्यातल्या कचेरीला विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं त्याच दिवशी तिनं टॅबलेट परत दिला होता. दोमेनिकोचं लग्न त्याच गावात झालं होतं, विन्चेन्झा नावाच्या मुलीशी. तिच्या माहेरच्या आडनावाचं पहिलं अक्षर एम.

"म्हणजे आजोबांची बायको तिकडं होती," रीटाबाई म्हणाली. "आणि माझी आजी इथं बटाटे सोलत होती, कुणाचीच नसल्यासारखी. माझे वडील, आत्या, सगळी मुलं लग्नाविना झालेली. तुम्हाला इथलं जुनं माहीत नाही. अशा मुलांना लोक काय म्हणायचे, कुठं पाठवायचे. आत्याला हे सगळं आयुष्यभर माहीत होतं आणि ती गप्प राहिली. मी हे झाड काढायला बसले आणि मुळालाच कीड निघाली."

सुजाता मला मराठीत सांगत गेली आणि मी ऐकत होते. कीड वगैरे मला काही वाटेना. मला वाटलं, एवढंच? मी सुजाताला म्हटलं, माझा डबा आण.

तो डबा माझ्या लग्नातला. मामांनी दिलेला, झाकणावर नाव घातलेलं. आमच्याकडं लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव घालून देतात, भांड्यांच्या दुकानाबाहेर माणूस मशीन घेऊन बसलेला असतो, घर्रर्र करत अक्षरं टोचतो. झाकणावर लिहिलं आहे, चि. सौ. कां. कुसुम हिस. मी झाकण खिडकीच्या काचेला लावलं आणि बोटानं अक्षरं दाखवली.

"ही कोण?" रीटाबाईनं विचारलं.

"मी."

"तू तर सुनंदा."

"सुनंदा सासरची. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात. सोळा वर्षं मी कुसुम होते. भांडी आधीच आली होती, त्यावर कुसुमच राहिली." मग मीच विचारलं, आणि ते मी इंग्रजीत विचारलं, तोडकंमोडकं, पण माझ्या तोंडानं, "युवर आजी, चादर, बिफोर मॅरेज?"

सुजाता एकदम म्हणाली, "इटलीतल्या बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवतात म्हणे, रीटा. आणि रुखवताच्या चादरीवर मुलीचंच नाव असणार ना. लग्नाआधी वर्षभर बसून काढलेलं."

रीटाबाईनं झाकणावरची अक्षरं पुन्हा निरखली. मग म्हणाली, "पण ॲनी?"

"लोकांनी ठेवलं असेल," सुजाता म्हणाली. "माझ्या हॉटेलवाल्या नवऱ्याला तिथं सगळे निक म्हणतात."

हे सगळं मानायला सोपं होतं, पण मानणं म्हणजे कळणं नव्हे. रीटाबाई दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन पुन्हा टॅबलेट घेऊन बसली. या वेळी तिनं कचेरीला विचारलं, विन्चेन्झाच्या माहेरचं कुणी गावात उरलं आहे का. उत्तर येईना. तिकडं इटलीत माणसं पटापट जात होती, टीव्हीवर शवपेट्यांच्या रांगा दिसायच्या. रीटाबाई टीव्ही बंद करायची आणि म्हणायची, आता कुणी उरलं असेल की नाही कोण जाणे. ती पूर्वीसारखी मोठ्यानं बोलेनाशी झाली. मला वाटायचं, मी उगाच डबा दाखवला. आशा लावून ठेवली आणि ती खोटी निघाली तर?

मधे आमच्याकडं बाळ आलं, मुलगी. नितीनला हॉस्पिटलच्या आत थोडाच वेळ सोडलं. बाकीचा वेळ तो गाडीत बसून. तो फोनवरून मला विचारायचा, "आई, रडतेय म्हणजे चांगलं ना?" घरी आल्यावर मी रोज शेक-शेगडी, तेल लावणं, डिंकाचे लाडू. रीटाबाई खिडकीतून बाळाला बघायची. तिच्यासाठी मी लाडवांची बशी कठड्यावर ठेवायचे. बारशाला आम्ही चौघंच. नाव काय ठेवायचं म्हणून विचार चालला होता, तेव्हा मी पहिल्यांदा माझं मत दिलं, की जे ठेवाल ते लग्नातही बदलू नका. मीरा ठेवलं.

चादर मी ऊन असेल तेव्हा तेव्हा बाहेर घालत होते. लाल गेलं, पिवळं उरलं, मग पिवळंही फिकट होत होत जवळजवळ गेलं. नीट पाहिलं तरच एका बाजूला पुसट गोल दिसतात. माझ्यासाठी तेवढे पुरे आहेत.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा उत्तर आलं. विन्चेन्झाच्या बहिणीची नात गावात आहे आणि ती फोनवर बोलेल. तेव्हा एकमेकांच्या घरात जायला थोडी सूट मिळाली होती. आम्ही रीटाबाईच्या स्वयंपाकघरात खिडक्या उघड्या टाकून, स्वेटर घालून बसलो. टॅबलेट बटाट्याच्या टोपलीला टेकवला. पलीकडं एक गोल चेहऱ्याची बाई आली, रीटाबाईच्याच वयाची, मागं कोंबड्यांचा आवाज. रीटाबाईला इटालियन येत नव्हतं आणि तिला इंग्रजी. तिची सून मधे उभी राहून थोडं थोडं सांगत होती. रीटाबाईनं काही विचारायच्या आधी मी चादरीचा कोपरा उचलून टॅबलेटसमोर धरला.

ती बाई किंचाळली. उठून गेली, आणि परत आली ती हातात तशीच चादर घेऊन. तीच वेल, तेच वळण, फक्त पहिलं अक्षर वेगळं. तिच्या आजीचं. सून म्हणाली, "दोघी बहिणींनी एकाच हिवाळ्यात काढल्या होत्या. विन्चेन्झा लग्न करून नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेली. इथं परत आली नाही."

रीटाबाई पुटपुटली, "बरोबर गेली? नक्की बरोबर गेली?"

पलीकडच्या बाईनं फोन उचलला. भिंत हलली, छत हललं, मग एक जुनी तसबीर पडद्यावर स्थिर झाली. दोन मुली, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभ्या. डावीकडची उंच, हाडापेरानं मोठी, ओठ घट्ट मिटलेले.

रीटाबाई खुर्चीतून उठली. "नॅना," एवढंच म्हणाली. तिच्याकडं आजीला नॅना म्हणतात. मग ती असं हसली आणि असं रडली की पलीकडच्या कोंबड्या गप्प झाल्या. "बघ सुजाता, बघ हा जबडा. हा माझाच जबडा आहे. दुसरी बाई नव्हतीच गं. तीच होती, तीच होती." मीरा दचकून जागी झाली आणि तिनंही गळा काढला. मी पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकला. अशा वेळी दुसरं काय करायचं असतं ते मला अजून माहीत नाही.

आत्यानं जन्मभर चुकीची लाज सांभाळली, याचं रीटाबाईला फार वाईट वाटलं. पण आजीनं तरी का सांगितलं नाही? ते मात्र मला कळतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं. सुजाताला ती दहा वर्षांची होईपर्यंत माझं पहिलं नाव माहीत नव्हतं. डब्यावरची कुसुम ही माझी कुणी वारलेली बहीण आहे असं ती समजायची. एका घरात राहून असं होतं.

त्यानंतर रीटाबाई मला कुसुम म्हणायला लागली. तिला 'सु' जड जायचा, तो 'कुजूम' व्हायचा. तरी मी चट्कन ओ द्यायचे. बेचाळीस वर्षं कुणी हाक मारली नव्हती, पण कान विसरले नव्हते.

भाड्याचं तिनं कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून ते आम्हाला जास्त टोचायचं. हॉस्पिटलात काम करणारी चार-पाच मराठी घरं तिथं होती. मी त्यांना पोळ्या, चटण्या, सांडगे द्यायला लागले. सुरुवातीला नितीन गिऱ्हाइकांशी बोलायचा, मग मीच फोन घ्यायला लागले. "मावशी, लसूण जरा कमी घाला," असं कुणी म्हणालं तर मी म्हणायचे, "मग ते सांडगे नाहीत, बिस्किटं आहेत." हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसायचा नाही. सुजाता नोकरीवर रुजू झाली, पुढच्या उन्हाळ्यात हॉटेल उघडलं, थकलेलं भाडं हप्त्याहप्त्यानं उतरत गेलं. विमानं सुरू झाली तसं माझं तिकीटही निघालं.

शेवटचा हप्ता नितीन मोबाईलवरून पाठवणार होता. मी नको म्हटलं. तेवढे पैसे माझ्या सांडग्यांचे होते. पाकिटात घातले, आणि पाकिटावर माझ्या त्या वाकड्या अक्षरात नाव घातलं. रीटाबाई बागेत होती, तिची चादर दोरीवर वाऱ्यावर फडफडत होती. तिनं पाकीट घेतलं, पैसे मोजले नाहीत, फक्त अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कुसुम," ती म्हणाली. डब्यावरची अक्षरं तिनं लक्षात ठेवली होती.

"सगळे आहेत," मी म्हटलं. "आता काही राहिलं नाही."